प्रवासी मोटारसायकलीचे दांत

लांबच्या प्रवासास निघणारा मोटारसायकलस्वार टायर पाहतो, तेल पाहतो, दिवे पाहतो. परंतु मागचें चाक फिरविणाऱ्या दोन दातेरी चक्रांवर दांत किती आहेत हें तो क्वचितच मोजतो. कारागिरांच्या बोलींत या चक्रांना स्प्रॉकेट म्हणतात. पुढचा लहान, मागचा मोठा, आणि दोहोंस जोडणारी चेन. प्रवास सुखाचा व्हावा कीं कष्टाचा, हें पुष्कळ अंशीं या लहानशा सामग्रीवर ठरतें.

सांगोल्याच्या प्रवाशास हा विचार विशेष अगत्याचा आहे. त्याच्या गांवावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६६ पूर्वेस मंगळवेढ्यावरून सोलापुरास जातो; पश्चिमेस तोच रस्ता मिरज, कोल्हापूर, मलकापूर करीत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीस पोंचतो. म्हणजे माणदेशाचा उघडा माळ आणि सह्याद्रीची चढण या दोन्ही परीक्षा एकाच रस्त्यावर द्याव्या लागतात.

या भागांत अजून दिसणारी लोखंडी एंजिनाची, चार गिअरांची जुनी बुलेट उदाहरणादाखल घेतां येईल. तिच्या एंजिनावरील चक्रास २५ व क्लचवरील चक्रास ५६ दांत असतात. मागच्या चाकावर ३८ दांत आहेत आणि पुढें १७ दांतांचा स्प्रॉकेट बसविला आहे असें धरलें, तर चौथ्या गिअरांत चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे जवळजवळ ५ फेरे होतात. चाकाचा परीघ सुमारें २ मीटर. तेव्हां ताशी ६० किलोमीटर वेगानें जातांना चाक मिनिटास ५०० वेळां फिरतें आणि एंजिन २५०० वेळां. पुढें १६ दांत असतील तर हा आंकडा २६६० च्या आसपास जातो. १८ असतील तर २३६० वर उतरतो. पुढचा एक दांत म्हणजे शेंकडा सहाचा फरक. तोच फरक मागें करावयाचा झाल्यास दोनाहून अधिक दांत बदलावे लागतात, म्हणून बहुधा पुढचाच स्प्रॉकेट बदलतात.

१८ दांतांचा मोह पडतो तो येथेंच. एंजिन शांत फिरेल, पेट्रोल वांचेल, वेग वाढेल, असा हिशेब स्वार मनाशीं करतो. हा हिशेब अगदींच खोटा नाहीं. एकटा स्वार, हलकें सामान, गुळगुळीत रस्ता आणि पाठीशीं वारा असेल, तर तो खराही ठरतो. परंतु प्रवासी इतका नशीबवान रोज नसतो.

पावसाळ्याच्या दिवसांत या पर्जन्यछायेच्या प्रदेशांत पाऊस थोडा आणि वारा फार. हा वारा पश्चिमेकडून येतो. कवठे महांकाळ तालुक्यांत ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभारल्या गेल्या त्या कांहीं शोभेसाठीं नव्हेत! मिरजेकडे जाणाऱ्यास तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. ताशी ६० नें जाणाऱ्यास समोरून २० चा वारा लागला, तर अंगावर ८० चा वारा येतो. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तो पावणेदोनपटीहून किंचित् अधिक होतो. मागें पत्नी आणि दोन्ही बाजूंस पिशव्या असल्या, कीं १८ दांतांचें यंत्र चौथ्या गिअरांत गुदमरूं लागतें. स्वार तिसऱ्यावर येतो. तिसऱ्या गिअरांत एंजिन चौथ्याच्या १.३६ पट फिरतें. शांततेसाठीं केलेला खटाटोप असा गोंगाटांत संपतो, आणि वांचवावयाचें पेट्रोलही जातें.

घाटासाठीं खालचे गिअर आहेतच, असें कोणी म्हणेल. परंतु पुढचा स्प्रॉकेट बदलला म्हणजे चारही गिअर एकदम बदलतात. या पेटींत पहिला गिअर २.७८ व दुसरा १.८४ या प्रमाणाचा आहे. दोहोंमधील अंतर मोठें. कोंकणांतून आंब्याच्या पेट्या बांधून परतणारा स्वार आंबा घाट चढतांना दुसऱ्या गिअरांत कसाबसा टिकला तर ठीक. न टिकला तर एकदम पहिल्यावर यावें लागतें. मग कांहीं स्वार क्लच अर्धवट दाबून वेळ मारून नेतात. क्लचच्या प्लेटा जळतात त्या अशाच वळणांवर. १८ च्या जागीं १६ दांत असते, तर त्याच दुसऱ्या गिअरांत चाकाला एकअष्टमांश अधिक ओढ मिळाली असती.

उताराची गोष्ट याहून गंभीर आहे. भरलेलें वाहन घाट उतरतांना गति आवरण्याचें अर्धें काम एंजिनानें करावयाचें असतें. गिअर लांब केले कीं एंजिनाची ही लगाम ढिली होते आणि सर्व भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे ड्रम तापले म्हणजे त्यांची पकड कमी होते, आणि तें उमगतें नेमकें वळणाच्या तोंडाशीं.

म्हणून अशा बुलेटवर जोडीनें आणि सामानासह घाटाच्या प्रवासास जाणाऱ्यानें १६ दांत पसंत करावे, मुख्यतः माळावर फिरणाऱ्यास १७ पुरेसे, १८ एकट्यासाठीं. पांच-सहा गिअरांच्या नव्या यंत्रांत ही अडचण पुष्कळ सौम्य झाली आहे, तरी पारखण्याची रीत तीच. प्रवासाचें सर्व ओझें लादून, वाऱ्याच्या तोंडावर, सपाट रस्त्यावर आपल्या नेहमींच्या वेगानें वरच्या गिअरांत चालवून पाहावें. वेग टिकून वर थोडें ॲक्सिलरेटर शिल्लक राहिलें तर योजना बरोबर. वारंवार खालचा गिअर घ्यावा लागला तर पुढचा एक दांत कमी करावा. वाऱ्याबरोबर परततांना घेतलेली परीक्षा धरूं नये.

एक दांत कमी केल्यास चेन सैल पडते. ती ताणण्यासाठीं मागचें चाक सुमारें ४ मिलिमीटर मागें घ्यावें लागतें, आणि तेवढी जागा ताणपट्टींत आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. झिजलेल्या चेनवर नवा स्प्रॉकेट चढवूं नये. जुनी चेन नवे दांत लवकर खाते. ज्या वाहनांत वेगमापकाची दोरी गिअरपेटीवरून घेतलेली असते, त्यांत या बदलानंतर कांटा खरा वेग दाखवीत नाहीं. पुढच्या चाकावरून घेतलेली असल्यास कांहीं बिघडत नाहीं.