सगळ्यात मोठी मशीन घेऊ या, काका

मी सैन्यात सॅपर होतो. रस्ते, पूल, सुरुंग हे आमचं काम. निवृत्तीनंतर बेळगावात स्थायिक झालो. आज मी चेनसॉविषयी बोलणार आहे. मोठं झाड पाडायला आणि त्याच्या फळ्या काढायला कोणती मशीन घ्यावी, असं मला बरेच जण विचारतात. उत्तर देण्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो.

१९८९ सालची. मी कॅप्टन होतो आणि आम्ही काश्मीरमध्ये होतो. रात्रभर बर्फ पडला आणि एक देवदार रस्त्यावर आडवा झाला. पलीकडे रेशनच्या गाड्या अडकल्या होत्या. आमच्याकडे एक जुनी, दणकट मशीन होती. तिचा ब्रेक सारखा लागायचा, काम थांबायचं, म्हणून कोणीतरी ब्रेकची दांडी तारेनं बांधून टाकली होती. सकाळच्या तपासणीत ती तार मी पाहिली. घाई होती. मी काही बोललो नाही.

तासाभरानं बारचं टोक आतल्या एका फांदीला लागलं. मशीन उसळून मागे आली. ब्रेक लागलाच नाही. आमच्या जवानाचा डावा खांदा फाटला. तो वाचला, पण तो हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. तो मला कधी काही म्हणाला नाही. तार मी पाहिली होती, हे मात्र मी विसरलो नाही.

आता २०२० कडे या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत नारळ, पोफळी झोपल्या आणि आजोबांच्या वेळचा फणस मुळासकट पडला. बुंधा अडीच फूट व्यासाचा. फणसाचं लाकूड म्हणजे कोकणातल्या घराचे खांब, दारं, देव्हारा. ते जळणात घालायला मन होईना. पण वाडीत ट्रक उतरत नाही, ओंडका वखारीत न्यायचा कसा? पुतण्या म्हणाला, "काका, जागेवरच फळ्या काढू. तुम्ही सांगा, सगळ्यात मोठी मशीन घेऊ या."

मी म्हटलं, "आधी पंचनामा होऊ दे." महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि फणस त्याच्या यादीत आहे. तुम्ही ज्या राज्यात असाल तिथले नियम वेगळे असतील. वनखात्याला विचारल्याशिवाय मशीन सुरू करू नका, झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी.

मग आम्ही हिशेबाला बसलो. तोच हिशेब तुम्हाला देतो.

झाड पाडणं आणि फळ्या काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाडताना आपण बुंधा आडवा कापतो. काम काही मिनिटांचं असतं आणि बार झाडाच्या व्यासाएवढा लागतोच असं नाही, कारण दोन्ही बाजूंनी कापता येतं. ६० ते ७० सीसीची मशीन आणि २० ते २४ इंचांचा बार यात बरीच मोठी झाडं पडतात. इथे ताकदीपेक्षा हातातलं वजन महत्त्वाचं. थकलेल्या हातातून चूक होते.

फळी काढताना ओंडका लांबीच्या दिशेनं चिरायचा असतो. बार पूर्ण लाकडात बुडालेला, इंजिन पूर्ण वेगात, आणि हे कित्येक मिनिटं सलग. लहान मशीन इथे तापते आणि जळते. म्हणून अडीच-तीन फुटी ओंडक्यासाठी ९० सीसीच्या पुढची मशीन लागते. स्टिलची एमएस ६६१ ही ९१.१ सीसीची, हुस्क्वर्नाची ३९५ एक्सपी ९३.६ सीसीची. त्याहून वर स्टिलची एमएस ८८१, १२१.६ सीसी, आणि हुस्क्वर्नाची ३१२० एक्सपी, ११८.८ सीसी. या शेवटच्या दोन मशीन बार-चेन न लावताही दहा किलोच्या आसपास भरतात. चार फुटांचे ओंडके रोज चिरणाऱ्यासाठी त्या आहेत. एका फणसासाठी नाहीत.

बार निवडताना एक गोष्ट लोक विसरतात. फळ्या काढायला बारवर जी लोखंडी चौकट बसवतात, ती बारची पाच-सहा इंच लांबी खाते. ३० इंची ओंडक्याला ३६ इंची बार घ्या.

चेनही वेगळी लागते. नेहमीच्या चेनचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात, ते आडव्या कापासाठी. चिरण्याच्या चेनला १० अंश ठेवतात. काप हळू जातो, पण फळी गुळगुळीत निघते. धार बोथट झाली की ओळखायची खूण सोपी आहे: भुशाऐवजी पीठ पडू लागतं. तेव्हा जोर लावू नका, थांबा आणि कानस घ्या.

इंधनात बहुतेक मशीनना ५० भाग पेट्रोलला एक भाग टू-स्ट्रोक तेल लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. खात्री मशीनच्या पुस्तिकेतून करा. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं, म्हणून मिश्रण टाकीत आठवडेच्या आठवडे ठेवू नका. प्रत्येक काप संपला की इंजिन अर्धा मिनिट मंद चालवून मगच बंद करा. आणि डोंगरावर काम असेल तर लक्षात ठेवा, उंचीवर हवा विरळ असते. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद कमी होते. काश्मीरमध्ये आमची दणकट मशीन अर्धी आजारीच होती.

तोटाही सांगतो. चेनसॉची प्रत्येक चीर सुमारे नऊ मिलिमीटर लाकूड खाते. दहा चिरांत साडेतीन इंच फणसाचा भुसा झाला. वखारीतल्या पट्टा करवतीवर हे नुकसान खूप कमी असतं. ट्रक जात असेल तर वखारीतच जा आणि पैसे वाचवा.

आम्ही शेवटी ९० सीसीच्या वर्गातली मशीन घेतली. पुतण्याला अजून मोठी हवी होती. मी म्हटलं, "मशीनचे पैसे वाचले त्यात हेल्मेट, कानाचं संरक्षण, बूट आणि पायांवरचं चेन अडवणारं आवरण येईल." तो थोडा रुसला, पण ऐकलं.

फळ्या काढताना रोज सकाळी एक शिस्त होती. मशीन जमिनीवर, इंजिन चालू, ब्रेकची दांडी पुढे ढकलायची. चेन जागेवर थांबली तरच काम. तिसऱ्या दिवशी चेन थोडी फिरून थांबली. पुतण्या म्हणाला, "काका, एवढ्यानं काय होतंय? दोनच फळ्या राहिल्यात."

मी त्याला खांद्याची ती गोष्ट तेव्हा पहिल्यांदा सांगितली. घरात कुणाला सांगितली नव्हती. तो काही बोलला नाही. मशीन उचलून दापोलीला घेऊन गेला, ब्रेक साफ करून आणला. त्या दोन फळ्या दुसऱ्या दिवशी निघाल्या.

लाकूड मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचलं. इंच जाडीला एक वर्ष, हा वाळवण्याचा जुना ठोकताळा. आज त्या फणसाचं दार आमच्या घराला आहे.

तेव्हा कोणती मशीन घ्यावी? ओंडक्याला पुरेल आणि तुमच्या हाताला पेलेल ती. आणि तिच्यावर कुठे तार बांधलेली दिसली, तर घाई कितीही असो, बोला. त्या सकाळी मी बोललो नव्हतो.

जय हिंद.