राहिलेल्या रोजांचा हिशेब

(पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर, थोडी भर घालून)



रमजानच्या रोजांची फजिलत आपण दरसाल ऐकतो. जुम्याच्या बयानात ऐकतो, घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतो. परंतु रोजा कुणी ठेवू नये, कुणी सोडावा आणि सुटलेला रोजा पुढे कसा भरून काढावा, हा विषय निघाला की आवाज खाली येतो. म्हणूनच आज मी मुद्दाम त्याविषयी बोलणार आहे. मी आलिम नाही, शाळेत मुलांना शिकवणारा एक शिक्षक आहे. फतवा देणे हे माझे काम नव्हे. परंतु जे मसले किताबांतून स्पष्ट आहेत ते स्वतः समजून घेणे आणि घरातल्यांना समजावून देणे हे प्रत्येक शिकलेल्या माणसाचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.

रोजे फर्ज झाले ते हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये. सूरह बकराच्या १८३ ते १८५ या आयतींत हा हुकूम आहे. वाचकहो, या तीन आयती तर्जुम्यासह एकदा शांतपणे वाचून पाहा. जिथे रोजाचा हुकूम आहे तिथेच आजारी माणसाला आणि मुसाफिराला सवलत दिलेली आहे. इतर दिवसांत संख्या पुरी करण्यास सांगितले आहे, आणि अल्लाहतआलाला आपल्या बंद्यांसाठी सुलभता हवी आहे, अडचण नको आहे, असे कारणही दिलेले आहे. सवलत आणि हिशेब ही दोन्ही एकाच हुकमाची अंगे आहेत. आपल्यापैकी काहीजण सवलत घ्यायला लाजतात आणि जिवाचे हाल करून घेतात. काहीजण सवलत घेतात आणि हिशेब विसरतात. दोघेही अर्धाच हुकूम पाळतात.

प्रथम सवलत कुणाला, ते पाहू. लहान मुले बालिग होईपर्यंत त्यांच्यावर रोजा फर्ज नाही. सवय व्हावी म्हणून ठेवू द्यावा, पण कोमेजलेल्या मुलाला 'आता मगरिबपर्यंत कळ काढ' असा आग्रह धरू नये. ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही त्याच्यावरही रोजा नाही. आजारी, मुसाफिर, अतिवृद्ध, गरोदर स्त्री आणि अंगावर पाजणारी माता यांना रोजा न ठेवण्याची मुभा आहे. हैज व निफासच्या दिवसांत तर स्त्रीला रोजा ठेवण्याची परवानगीच नाही. ठेवला तरी तो होत नाही.

आजारपण म्हणजे थोडे डोके दुखणे किंवा नुसती भूक लागणे नव्हे. रोजाने आजार वाढेल, बरे व्हायला उशीर लागेल किंवा जिवाला धोका होईल, अशी भीती भरवशाच्या डॉक्टरच्या सल्ल्याने अथवा स्वतःच्या पूर्वानुभवाने वाटत असेल, तर ते आजारपण. शेतात किंवा भट्टीवर राबणाऱ्याने केवळ काम कष्टाचे आहे म्हणून आधीच रोजा सोडून देऊ नये. त्याने नियत करून रोजा सुरू करावा. दिवसा खरोखरच जिवावर बेतले तर सोडावा आणि पुढे कजा करावी.

शाळेतील परीक्षेचे काय, असे पालक नेहमी विचारतात. २०२५ साली रमजान मार्च महिन्यात आला आणि दहावीचे काही पेपर त्यातच पडले, तेव्हा हा प्रश्न घरोघर निघाला. परीक्षा ही किताबांत सांगितलेल्या सवलतींपैकी नाही, म्हणून बालिग मुलाने केवळ पेपर आहे एवढ्यासाठी रोजा सोडू नये, असेच बहुतेक उलेमा सांगतात. पालकांनी करावे ते एवढेच की, अशा दिवसांत मुलाला रात्री वेळेवर झोपू द्यावे आणि सहेरीला नीट खाऊ घालावे. मात्र पेपर लिहिताना मुलगा घेरी येऊन पडला, तर पाणी देण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहू नये.

प्रवासाचे नियमही ठरलेले आहेत. हनफी मजहबमध्ये साधारण ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, आणि शाफई मजहबमध्ये ८० किलोमीटरहून थोडे अधिक अंतराचा प्रवास असेल तर सवलत मिळते. मुंबईहून रत्नागिरीला एस. टी. ने जाणारा माणूस निःसंशय मुसाफिर ठरतो. परंतु तो फजरपूर्वी घरून निघालेला असला पाहिजे. फजर घरी झाली आणि दुपारची गाडी धरली, तर त्या दिवसाचा रोजा पुरा करावा. आणि गावी आपल्या घरी पोहोचल्यावर मुसाफिरी संपते, हेही लक्षात ठेवावे.

आता कुणी म्हणेल, सवलत असली तरी न घेणेच अधिक पुण्याचे नाही काय? प्रवासात त्रास होत नसेल तर रोजा ठेवणे चांगलेच. पण पैगंबरसाहेबांचे (स.) वर्तन पाहा. एका सफरीत लोक एका माणसाभोवती जमून त्याच्यावर सावली धरीत होते. चौकशी केली तेव्हा कळले की तो रोजादार आहे आणि उन्हाने बेजार झाला आहे. प्रवासात असा रोजा ठेवणे ही काही नेकी नव्हे, असे आपण फर्मावले. हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये, म्हणजे इ.स. ६३० मध्ये, मक्केच्या मोहिमेवर निघताना आपला रोजा होता. वाटेत कदीद येथे लोकांना दिसेल असे पाणी पिऊन आपण तो सोडला. आड जाऊन पाणी पिता आले नसते काय? परंतु सोबतच्या थकलेल्या लोकांना संकोच वाटू नये म्हणून ते सर्वांसमक्ष केले. बुखारी व मुस्लिम या हदीसच्या संग्रहांत या गोष्टी आलेल्या आहेत. सहाबांविषयी तर असे नमूद आहे की, सफरीत रोजा ठेवणारे न ठेवणाऱ्यांना नावे ठेवीत नसत, आणि न ठेवणारेही ठेवणाऱ्यांना नावे ठेवीत नसत.

आणि आपण? आपण मात्र विचारतो, 'काय हो, तुमचा रोजा नाही वाटतं?'

हा प्रश्न सर्वांत जास्त छळतो तो आपल्या मुलीबाळींना. माझ्या बोलण्याचा खरा रोख इथे आहे. हैजच्या दिवसांत जिला रोजाची मनाई आहे, ती सून किंवा मुलगी पहाटे उठून सर्वांची सहेरी करते, संध्याकाळी इफ्तारची भजी तळते, आणि दिवसभर सासरा आणि दीर समोर आहेत म्हणून पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही. फारच झाले तर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून चार घास घाईने गिळते. रमजानचा अदब म्हणून चारचौघांत खाऊ नये, हे योग्यच आहे. पण अदब म्हणजे उपासमार नव्हे. अल्लाहने जिला खायला सांगितले तिला आपल्या घराने उपाशी ठेवावे, हे कोणत्या किताबात लिहिले आहे?

शाळांतही हेच घडते. रमजानमध्ये वर्गात 'आज कुणाकुणाचा रोजा आहे, हात वर करा' असे कौतुकाने विचारले जाते. आठवी-नववीतल्या मुलींपुढे मग दोनच वाटा उरतात: खोटे बोलणे किंवा उपाशी राहणे. पवित्र महिन्यात आपण आपल्याच लेकींना खोटे बोलायला शिकवावे काय? माझी सर्व शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे की, हा प्रश्न वर्गात विचारू नये. प्रत्येक शाळेत एक खोली अशी असावी की जिथे मुलगी बसून डबा खाईल आणि तिला कुणी काही विचारणार नाही.

गरोदर स्त्री आणि पाजणारी माता यांच्या बाबतीतही 'आमच्या वेळी आम्ही सगळे रोजे ठेवले' असे बोलून दाखवले जाते. ज्या ठेवू शकल्या त्यांना अल्लाह सवाब देवो. पण ज्या सुनेला डॉक्टरने मनाई केली आहे, तिला टोमणा मारण्याचा हक्क त्यातून कुणाला मिळत नाही.

मधुमेहाचा मसला आज घराघरांत आहे. २००१ साली १३ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत, मोठेपणी जडणाऱ्या मधुमेहाच्या दर शंभर रुग्णांतील सुमारे ७९ जणांनी रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे ठेवल्याचे आढळले. साखर एकदम उतरून इस्पितळात न्यावे लागण्याचे प्रमाणही त्या महिन्यात कैक पटींनी वाढलेले दिसले. सर्वच मधुमेही रोजा ठेवू शकत नाहीत असे नव्हे. पण रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरकडे जाऊन गोळ्या व इन्सुलिनच्या वेळा ठरवून घेतल्या पाहिजेत. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर, इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी, रोजा सोडावा असे तज्ज्ञ डॉक्टर सांगतात. शरियतला जीव वाचवणे मान्य आहे.

आता दुसरे अंग, हिशेबाचे. ज्याची अडचण तात्पुरती, त्याच्यावर कजा आहे. म्हणजे एका रोजाबद्दल एक रोजा. ज्याला बरे होण्याची आशाच नाही किंवा ज्याचे वय झाले आहे, त्याच्यावर फिदिया. म्हणजे एका रोजाबद्दल एका गरिबाचे अन्न. शाफई मजहबमध्ये यासाठी आपल्या भागात जे धान्य खातात ते एक मुद, साधारण पाऊण किलो, देतात. आमच्या कोकणात तो तांदूळ होतो. हनफी मजहबमध्ये साधारणपणे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत धरतात. जो स्वतः रोजा ठेवू शकतो त्याने पैसे देऊन मोकळे होता येत नाही, हे धडधाकट माणसांनी विसरू नये.

कोकणात बहुसंख्य लोक शाफई आणि घाटावर बहुसंख्य हनफी आहेत. सोयरिकी दोन्हीकडे होतात, म्हणून फरक माहीत असलेला बरा. गरोदर किंवा पाजणाऱ्या स्त्रीवर हनफींच्या मते फक्त कजा आहे. शाफईंच्या मते तिने केवळ मुलाच्या जिवाच्या काळजीने रोजा सोडला असेल तर कजा आणि फिदिया दोन्ही, आणि स्वतःच्या प्रकृतीसाठी सोडला असेल तर फक्त कजा. काही कारण नसताना पुढचा रमजान येईपर्यंत कजा केली नाही, तर शाफईंच्या मते दर रोजामागे एक मुद फिदिया वर चढतो. हनफींच्या मते फक्त कजा राहते. एकाच घरातील दोन सुना आपापल्या मजहबप्रमाणे वागत असतील तर त्यात भांडणाचे कारण नाही.

हैजच्या दिवसांतील नमाज माफ आहे, रोजा मात्र भरून द्यायचा आहे. असे का, हा प्रश्न एका स्त्रीने हजरत आयेशा (रजि.) यांना विचारला होता. पैगंबरसाहेबांच्या काळी आम्हांला असाच हुकूम होता, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांचे स्वतःचे राहिलेले रोजे कधी कधी थेट शाबान महिन्यात पुरे होत, असेही त्यांनी सांगितले आहे. मुसलमानांच्या आईला आपल्या राहिलेल्या रोजांविषयी बोलताना संकोच वाटला नाही, मग आपल्या घरांत तो का असावा?

हिशेब न ठेवल्यास काय होते ते पाहा. एखाद्या मुलीचे दर रमजानमध्ये सात रोजे सुटतात असे धरू. चौदाव्या वर्षापासून चव्वेचाळीसपर्यंत तीस वर्षांत २१० रोजे झाले. दोन बाळंतपणांत दोन रमजान पूर्ण गेले, तर आणखी साठ. एकूण २७०. उतारवयात जाग आली आणि आठवड्याला एक रोजा ठेवायचे ठरवले, तर पाच वर्षांहून अधिक काळ लागेल; आणि तोवर गुडघे आणि रक्तदाब साथ देतील याची हमी कोण देणार? तेच सात रोजे त्या त्या वर्षी फेडले तर अकरा महिन्यांत सात. ते सलग ठेवण्याची गरज नाही. दोन्ही ईदांचे दिवस आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस वगळून केव्हाही ठेवता येतात. कजेला दिवसाची लांबी मोजत नाहीत. मुंबईत जूनमधला दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला अकरा तासांचा असतो. जूनमध्ये सुटलेला रोजा डिसेंबरमध्ये फेडला तरी तो पुरा फिटतो. वाण्याची उधारी आपण वहीत लिहून ठेवतो. अल्लाहचे कर्ज फेडण्याचा हक्क अधिक आहे, असे हदीसमध्ये आले आहे. मग त्याची वही घरात का नसावी?

विसरून खाल्ले तर रोजा तुटत नाही. सूर्य मावळला असे समजून खाल्ले आणि तो मावळलेला नव्हता, तर कजा आहे. जाणूनबुजून रोजा मोडणे मात्र मोठा गुन्हा आहे. हनफींच्या मते मुद्दाम खाण्यापिण्याने आणि पतिपत्नीच्या संबंधानेही कफ्फारा लागू होतो. शाफईंच्या मते तो फक्त संबंधाला आहे, खाण्यापिण्याला तौबा आणि कजा. कफ्फारा म्हणजे गुलाम मुक्त करणे. ते शक्य नसेल तर सलग साठ रोजे. तेही न झाल्यास साठ गरिबांना जेवण. एक माणूस असा गुन्हा करून पैगंबरसाहेबांकडे आला. तिन्हींपैकी काहीच आपल्याला शक्य नाही, असे त्याने सांगितले. तेवढ्यात खजुरांची एक टोपली आली. ती त्याला देऊन आपण म्हणालात की, ही खैरात कर. तो म्हणाला, मदिन्यात आमच्या घराहून गरीब घर नाही. तेव्हा आपण हसलात आणि ती टोपली घरच्यांना खाऊ घालण्यास सांगितले. कायदा किती कडक आणि तो लावणारा हात किती मायेचा, हे या एका प्रसंगावरून कळते.

वाचकहो, माझे मागणे थोडे आहे. कुणाचा रोजा आहे की नाही, हे विचारू नका. आजारी माणसाला आणि गरोदर सुनेला आपण होऊन सांगा की, तुला सवलत आहे, जेव. आईने मुलीला वयात येतानाच कजेची वही करून द्यावी. शव्वाल लागला की 'कुणाचे किती राहिले?' असे न विचारता, 'या सोमवारी कजा करणाऱ्यांसाठी सहेरी होईल' एवढेच घरातल्या मोठ्या बाईने जाहीर करावे. एकट्याने फेडायचे कर्ज जड वाटते. घर सोबतीला उठले तर ते हलके होते. बारीक मसल्यांसाठी आपल्या मजहबच्या आलिमांना जरूर विचारावे.

अल्लाहतआला आपणां सर्वांना समजून रोजा ठेवण्याची, समजून सोडण्याची आणि राहिलेला फेडण्याची तौफिक देवो. आमीन.