धनंजय मान्यांचा पत्ता

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि त्याच्या कारभारासाठी ओरोस येथे सिंधुदुर्गनगरी उभी राहिली. कचेऱ्यांभोवती वसलेल्या अशा नगरात बदलून आलेल्या कारकुनास हुद्द्याच्या खालोखाल एकच प्रश्न विचारला जातो: बिऱ्हाड कोठे केलेत? या प्रश्नावर एक सबंध मराठी चित्रपट उभा आहे, हे मात्र तो पाहून पोट धरधरून हसणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

तो चित्रपट म्हणजे १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, लेखक वसंत सबनीस. कथेचे बीज हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटातील. परंतु ते पुण्याच्या मातीत असे रुजले की परके वाटू नये. धनंजय माने हा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातील पगारी नोकर. भाऊ व दोन मित्र त्याच्या आश्रयास येतात आणि घरमालक विश्वासराव सरपोतदार यांची खोली हातची जाते. पुढे लीलाबाई काळभोर जागा देण्यास सिद्ध होतात, पण केवळ विवाहित जोडप्यांना. तेव्हा चौघांपैकी दोघांना लुगडी नेसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आजही मराठी मुलखात जे वाक्य थट्टेने उच्चारले जाते, ते माने कोठे राहतात याची चौकशी करणारेच आहे. भाडेकरूचा पत्ता हीच त्याची पत!

सरपोतदारांचा खाष्टपणा हा निव्वळ स्वभावदोष समजू नये. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० सालच्या पातळीशी जखडून ठेवली होती, आणि एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर काढणे महाकठीण. १९९९ चा नवा कायदा यावयास तेव्हा अकरा वर्षांचा अवकाश होता. ज्याला मागाहून घालविता येत नाही त्याची परीक्षा उंबऱ्यावरच घ्यावी, हा मालकांचा न्याय. त्या परीक्षेत सडा पुरुष पहिल्याच प्रश्नाला नापास.

पुरुषाने स्त्रीवेष घेणे मालवण-कुडाळकडील प्रेक्षकांस नवे नाही. दशावतारात जत्रेच्या रात्री स्त्रीपात्र पुरुषच रंगवितो आणि गंभीर प्रसंगी त्याला कोणी हसत नाही. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, अशी त्या कलावंतांविषयी म्हणच आहे. म्हणजे सोंग आणि दारिद्र्य यांचे नाते येथे पूर्वीपासून परिचित. फरक इतकाच की दशावतारी पहाटे रंग पुसून मोकळा होतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती व सचिन यांची सुधा यांना ती मोकळीक नाही. पदर ढळला तर डोक्यावरचे छप्परच जावयाचे. चित्रपटातील मालकांकडे पाहावे: सरपोतदार, लीलाबाई आणि दुकानाची मालकीण माधुरी. घरासाठी सोंग घेण्याची पाळी यांपैकी एकावरही येत नाही.

माधुरीचा भाग सर्वांत सूक्ष्म. श्रीमंत मालक आणि गरीब नोकर मुलगी ही पडद्यावरची जुनी जोडी. येथे ती उलटी आहे. अश्विनी भावे यांची माधुरी पगार देणारी, अशोक सराफ यांचा धनंजय तो घेणारा. त्याचे पोट आणि त्याचे मन एकाच व्यक्तीच्या हाती! मालकीण आपल्या नोकराशी आपुलकीने बोलली तर ते औदार्य ठरते. नोकराने एक पाऊल पुढे टाकले तर तो आगाऊपणा. त्यातच, घरासाठी रचलेले असत्य घरापुरते राहत नाही. जिच्यावर जीव जडला तिच्याच समोर त्याला बायकोचा धनी व्हावे लागते. त्या प्रसंगी पार्वतीची ओळख करून देताना त्याची जीभ बायकोला पुल्लिंगी सर्वनाम लावून बसते. शाळेत या चुकीला गुण कापले जातील; येथे मात्र घाबरलेल्या माणसाच्या तोंडून व्याकरणच सत्य बोलून जाते. अशोक सराफ हे वाक्य हशा मिळविण्याच्या आविर्भावात उच्चारीत नाहीत, म्हणूनच हशा पिकतो.

चित्रपटाने काही गोष्टींना बगल दिली आहे, हेही नमूद केले पाहिजे. सड्या पुरुषांस लुगड्याचा उपाय सापडला; एकट्या नोकरदार स्त्रीने बिऱ्हाड शोधले असते, तर तिच्या उपयोगी कोणते सोंग पडले असते, हा प्रश्न लेखकाने घेतला नाही. आणि अखेरीस जोडपी जुळली, तरी विवाहानंतर दुकानाच्या गल्ल्यावर कोण बसणार? माधुरीने ती जागा राखली, की पती झालेल्या नोकराने ती घेतली, आणि राखली असल्यास महिनाअखेर मान्यांचा पगार कोणी कोणाच्या हातावर ठेवला, हे प्रेक्षकांनी घरी जाताना आपसांत ठरवावयाचे आहे.