नियमपुस्तिका पहिल्या आठवड्यात वाचा



अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशांचे हे दिवस आहेत. गेट परीक्षा देऊन आलेली मुलंमुली विषय कोणता घ्यावा, गाइड कोण मिळेल, प्रयोगशाळेत यंत्रसामग्री काय आहे, याची कसून चौकशी करतात. ती करायलाच हवी. पण प्रवेशाबरोबर संस्था जी नियमपुस्तिका देते, ती मात्र कपाटात जाते किंवा मोबाइलमध्ये न उघडता पडून राहते. पदव्युत्तर विभागाचं कामकाज पाहताना माझ्यासमोर ज्या अडचणी आल्या, त्यांतल्या बऱ्याच अडचणींचं उत्तर त्या पुस्तिकेत आधीपासून छापलेलं होतं. मुलगा दारात उभा राहून चाचरत बोलायचा, जणू काही मेहेरबानी मागायला आला आहे. आणि तो मागत असायचा ते त्याच्या हक्काचंच असायचं. म्हणून आज मी एम.टेक. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या आईवडिलांशीही या नियमांविषयी बोलणार आहे.

सुरुवात पैशापासून करते, कारण घरची चिंता तिथूनच सुरू होते. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.ई. किंवा एम.टेक. करणाऱ्याला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून, म्हणजे एआयसीटीईकडून, दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. ते जास्तीत जास्त 24 महिने मिळतं. हे पैसे थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. पण त्याआधी विद्यार्थ्यानं पोर्टलवर कागदपत्रं भरायची असतात, संस्थेनं ती तपासून मान्य करायची असतात आणि पुढे दर महिन्याला हजेरीची खातरजमा करायची असते. या साखळीतली एक कडी निसटली की पैसे अडकतात. आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर स्वतःचं नाव आधी, बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तिघं. हे दुरुस्त करायला आधार केंद्रात आणि बँकेत खेपा पडतात, म्हणून प्रवेशाच्या आधीच तिन्ही ठिकाणचं नाव सारखं करून घ्या. ओबीसी प्रवर्गातल्या मुलांनी नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदतही त्याच वेळी पाहावी.

इथे संस्थांनाही काही सांगायला हवं. महिन्याची खातरजमा वेळेत करणं हे कुणा एका लिपिकाच्या सवडीवर सोडू नये. तो रजेवर गेला तर दुसरं कोण करणार, हे आधीच ठरलेलं असावं. गावाकडून आलेल्या मुलाला खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात. तिथे कुणी थांबत नाही. आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. गेल्या जवळपास दहा वर्षांत हे 12,400 रुपये वाढलेले नाहीत. याच काळात पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्यांची रक्कम 25,000 वरून आधी 31,000 आणि 1 जानेवारी 2023 पासून 37,000 रुपये झाली. ती वाढ योग्यच होती. तोच न्याय एम.टेक.च्या विद्यार्थ्यालाही मिळायला हवा.

हे पैसे घेताना एक जबाबदारी अंगावर येते. एम.टेक.च्या विद्यार्थ्यानं आठवड्याला 8 ते 10 तास अध्यापनाशी आणि संशोधनाशी संबंधित काम करायचं असतं. सगळे त्याला टीएशिप म्हणतात. बरीच मुलं हे काम उरकायचं म्हणून करतात, आणि इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं पदार्थांच्या ताकदीचं प्रॅक्टिकल घ्या. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनच्या जबड्यात सौम्य पोलादाची सळई धरलेली असते. भार हळूहळू वाढतो, एका टप्प्यावर सळई वाढीव भाराशिवायच लांबू लागते, मग मध्यावर बारीक होते आणि मोठा आवाज होऊन तुटते. सळई तुटायच्या आधी एक्स्टेन्सोमीटर काढून घ्यायचा असतो, नाहीतर ते महागडं उपकरण खराब होतं. मुलं उत्सुकतेनं पुढे वाकतात. त्यांना मागे उभं करायचं असतं, जाळी लावलेली आहे ना हे पाहायचं असतं. सर एका बॅचपाशी असतात तेव्हा दुसऱ्या बॅचजवळ टीएच उभा असतो. त्या तासाला पंधरा-वीस मुलांची सुरक्षितता त्याच्या हातात असते. पुढे जर्नल तपासताना सगळ्यांची रीडिंग दशांशापर्यंत सारखी दिसली, तर नकल झाली आहे हे ओळखून मुलांना पुन्हा प्रयोगाला बसवणं हेही त्याचंच काम. पोलाद लवचीक मर्यादा ओलांडतं म्हणजे काय, हे या वयात डोळ्यांनी पाहिलेला मुलगा पुढे पूल बांधणार असतो.

पण 8 ते 10 तास म्हणजे 8 ते 10 तासच. कुणाच्या घरचं सामान हलवणं, बँकेत रांग लावणं, गाइडच्या मुलांना शाळेतून आणणं, ही कामं या तासांत बसत नाहीत. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठीही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2022 च्या नियमांत आठवड्याला 4 ते 6 तासांचं काम सांगितलं आहे: ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन. विद्यार्थ्यानं या तासांची साधी नोंदवही ठेवावी आणि महिन्याच्या शेवटी विभागात सही घ्यावी. जो काम करतो त्याचीही सोय होते आणि जो जास्त काम करवून घेतो त्यालाही मर्यादा पडते.

आता पीएच.डी.कडे वळते. यूजीसीचे हे नियम विद्यापीठांना लागू आहेत. आयआयटी, एनआयटीसारख्या संस्थांचे नियम त्यांची त्यांची सिनेट ठरवते, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेची पुस्तिका पाहावी. विद्यापीठात पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं असते, आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. मुंबईच्या आयआयटीत याच कामासाठी संशोधन प्रगती समिती असते आणि दरवर्षी प्रगतीचा सेमिनार होतो. विद्यार्थी या बैठकीला परीक्षा समजून घाबरतात. माझं मत वेगळं आहे. आपल्या कामाची दिशा आपल्या गाइडशिवाय आणखी काही जाणत्या माणसांनी पाहण्याची हीच नेमानं मिळणारी संधी आहे. यंत्र आठ महिने बंद आहे, रसायनं आली नाहीत, गाइड परदेशात आहेत, हे तिथे सांगा आणि समितीच्या अहवालात ते लिहून घ्या. पाचव्या वर्षी मुदतवाढ मागायची वेळ येते तेव्हा हाच अहवाल बाजूनं बोलतो. तोंडी सांगितलेलं तेव्हा कुणालाच आठवत नाही.

एका गाइडकडे विद्यार्थी किती असावेत यालाही मर्यादा आहे. प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4. प्रवेश घेताना हा आकडा विचारायला संकोच करू नका.

मुलींसाठी तीन तरतुदी सांगते, कारण त्या माहीत नसल्यामुळे हुशार मुली संशोधन अर्धवट सोडून जातात. महिला संशोधकांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची जादा मुदत मिळू शकते. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. तिसरी तरतूद त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. लग्नामुळे किंवा इतर कारणानं गाव बदललं, तर मुलगी आपली संशोधनाची आकडेवारी नव्या संस्थेत नेऊ शकते. त्याला अट अशी, की ते काम बाहेरच्या निधीतून मंजूर झालेल्या प्रकल्पाचा भाग नसावं आणि जुन्या संस्थेला व गाइडला योग्य श्रेय दिलेलं असावं. जळगावच्या मुलीचं लग्न कोल्हापूरला झालं म्हणून तिची तीन वर्षांची मेहनत वाया जायचं कारण नाही. सासरच्या मंडळींनीही हे ऐकून ठेवावं.

सुरक्षिततेविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 5 डिसेंबर 2018 रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, एरोस्पेस विभागाच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. त्यात एका तरुण संशोधकाचा जीव गेला आणि तिघं जखमी झाले. देशातल्या सर्वोत्तम संस्थेत हे घडलं. आपल्या प्रयोगशाळांत वायूची सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधलेली असतात का? रात्री एकट्यानं प्रयोग करू नये हा नियम किती ठिकाणी पाळला जातो? प्रबंधाची तारीख जवळ आली की मुलं रात्ररात्र भट्टीजवळ बसतात, आणि गाइडही गप्प राहतात. सुरक्षा प्रशिक्षणाच्या कागदावर न वाचता सही करू नका, आणि प्रशिक्षण झालं नसेल तर यंत्र सुरू करायला ठाम नकार द्या. असा नकार देणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी विभागप्रमुखानं उभं राहायला हवं.

प्रबंधाच्या लेखनाच्या बाबतीत 2018 चे यूजीसीचे नियम स्पष्ट आहेत. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. 40 ते 60 असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. प्रमाणित समीकरणं, चिन्हं, कायदे यांचं साम्य यात धरत नाहीत, त्यामुळे अभियांत्रिकीच्या मुलांनी उगाच धास्ती घेऊ नये. पण दुसऱ्याचा परिच्छेद शब्द फिरवून आपला म्हणून देणं ही चोरी आहे. सॉफ्टवेअरनं ती पकडली नाही म्हणून ती चोरी असायची थांबत नाही.

पेटंटचा मुद्दा थोडक्यात सांगते. कामातून नवं उपकरण किंवा पद्धत हाती येत असेल, तर शोधनिबंध छापण्याआधी, परिषदेत मांडण्याआधी आणि जाहीर मौखिक परीक्षेआधी संस्थेच्या पेटंट कक्षाकडे जा. शोध एकदा जगजाहीर झाला की त्याचं नवेपण धोक्यात येतं. आधी तात्पुरता अर्ज दाखल करून पूर्ण तपशील 12 महिन्यांत देता येतो. मालकी कुणाची, श्रेय कुणाचं, उत्पन्नातला वाटा किती, हे संस्थेच्या धोरणात लिहिलेलं असतं. काम सुरू करतानाच ते वाचून ठेवा.

एवढं करूनही कधी अन्याय होतो. गाइड सही अडवून ठेवतात, विद्यावेतन थांबवलं जातं, मूळ प्रमाणपत्रं परत मिळत नाहीत. अशा वेळी गाइडशी किंवा विभागप्रमुखांशी सभ्यपणे बोला, आणि त्याच दिवशी बोलण्याचा सारांश ई-मेलनं पाठवा. उपयोग झाला नाही तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. या समितीनं 15 कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, आणि त्यांनी 30 दिवसांत ते निकाली काढणं अपेक्षित आहे. अर्जाला तारीखवार घटनाक्रम, आधीच्या अर्जांची पोच आणि ई-मेलच्या प्रती जोडा. रागाची वाक्यं काढून टाका. समितीच्या सदस्यांची नावं आणि लोकपालांचा पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावर ठळकपणे दिसला पाहिजे. तो तिथे नसेल, तर तुमचा पहिला लेखी अर्ज त्यासाठीच असू द्या, आणि त्यावर आवक क्रमांक घालून घ्यायला विसरू नका.