योजना मांडण्याआधीचा हिशेब

बँकेच्या ॲपवर तुम्ही खात्याचा उतारा मागता. तो तयार करताना ग्राहक, खाती, शाखा, व्यवहार अशी कितीतरी टेबलं जोडावी लागतात. ती कोणत्या क्रमानं जोडायची, हे डेटाबेसमधला क्वेरी ऑप्टिमायझर ठरवतो. दहाच टेबलं एकापुढे एक जोडायची म्हटली, तरी क्रम होतात 36 लाखांवर! आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 साली यावर वाट दाखवली. लहान गटांच्या चांगल्या योजना काढून ठेवायच्या नि मोठ्या गटांसाठी त्याच वापरायच्या. दहा टेबलांचे गट होतात 1,023. पण एकेका गटाच्या योजना अनेक, आणि प्रत्येक योजना मांडायला मेमरी हवी.

इथं मला थोडं रेंगाळायचंय. वर्गात काही मुलं प्रत्येक कच्च्या आकडेमोडीला वहीचं कोरं पान घेतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस तसं करत नाही. दोन गट जोडण्याची नवी कल्पना आली, की आधी तिचा कमीत कमी खर्च काढतो. हाताशी असलेली योजना त्याहून स्वस्त असेल आणि क्रमवारीही तितकीच चांगली देत असेल, तर नवी योजना मांडतच नाही. पुन्हा सांगतो, मांडून खोडत नाही, मांडतच नाही. या तपासणीचं नाव 'ॲड पाथ प्रीचेक'. मला ही फार आवडते. मेमरी मागण्यात, भरण्यात जाणारा वेळ तिथंच वाचतो.

आता कुणी म्हणेल, क्वेरी संपल्यावर सगळी मेमरी एकदम सुटतेच ना? सुटते. पण तोवर ती साचत जाते. एका टेबलाचे हजारो भाग, म्हणजे पार्टिशन केले असतील, तर योजना आखतानाच मेमरी फुगते. आमचे विद्यार्थी लगेच म्हणतात, "सर, रॅम वाढवू." अरे, आधी मोजा तरी! पोस्टग्रेसच्या 17व्या आवृत्तीपासून 'एक्स्प्लेन' या आज्ञेला 'मेमरी' हा पर्याय आहे. योजना आखायला किती मेमरी लागली, ते तो सांगतो.

बारा किंवा जास्त टेबलं असली की पोस्टग्रेस वेगळीच रीत वापरतो, पण वेळ संपत आलीय. शिकणाऱ्यांना एवढंच सांगतो, पोस्टग्रेसचा कोड सर्वांना खुला आहे. त्यातली 'जॉइनपाथ' नावाची फाइल उघडा आणि टिपणांसकट सावकाश वाचा.