१६ बिट की २४ बिट?

रेकॉर्डर घ्यायला गेलं, घरात छोटासा स्टुडिओ थाटायचा ठरवला, की हल्ली एक आकडा पुढे केला जातो. १६ बिट, २४ बिट, ३२ बिट. आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला, असं विकणारा सांगतो आणि नवा रेकॉर्डिस्टही तेच धरून चालतो. ध्वनिमुद्रणाच्या कामात वावरणारा माणूस म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. जास्त बिट लागतात ते काम करताना. ऐकताना १६ पुरतात.

माइकमधून आलेला आवाज डिजिटल करायचा म्हणजे तो सतत मोजायचा. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक मोजमाप किती बारकाईनं लिहून ठेवायचं, ते बिट ठरवतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून अधिक. पायऱ्या म्हटलं की वाटतं, आवाजाला कंगोरे येत असणार आणि बिट वाढवले की ते गुळगुळीत होत असणार. घोटाळा इथेच होतो. प्लेअरमधून बाहेर पडणारी लहर सलगच असते, तिला पायऱ्या नसतात. मोजताना जी किंचित चूक राहते, ती आवाजाच्या तळाशी बारीक खरखर होऊन बसते. एक बिट वाढला की ही खरखर सुमारे ६ डेसिबलनं खाली जाते. म्हणून १६ बिटला ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या जवळपास ९६ डेसिबल खाली असते, २४ बिटला १४४. तळाची शांतता अधिक खोल होते, एवढंच. गाणाऱ्याचा आवाज आहे तसाच राहतो.

९६ डेसिबल म्हणजे किती, हे आपल्या जुन्या ऐकण्याशी ताडून पाहा. चांगल्या एलपीवर हे अंतर ६० ते ७० डेसिबल असे, म्हणजे ११-१२ बिटांचं काम. साध्या कॅसेटवर ते ५०च्या आसपास. भीमसेन जोशींचं, किशोरी आमोणकरांचं गाणं आपण तबकड्यांवर आणि कॅसेटवर जिवापाड ऐकलं, ते एवढ्याच अंतरात. आत्ता आपण एफएमवर हे भाषण ऐकत असाल, तर १६ बिटांची संपूर्ण शांतता तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

हा फरक कानाला कळतो का, हे पाहणारा एक प्रयोग अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली प्रसिद्ध केला. जास्त बिटांचं, उत्तम दर्जाचं संगीत त्यांनी ऐकणाऱ्यांना दोन प्रकारे ऐकवलं, एकदा थेट आणि एकदा मध्ये १६ बिटांचा सीडीचा टप्पा घालून. कुठलं कोणतं, ते सांगितलं नव्हतं. साडेपाचशेच्या वर वेळा उत्तरं घेतली आणि ती निम्मी बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून येतील तेवढीच. खूप मोठ्या आवाजात लावल्यावर शांत जागी मात्र १६ बिटांची खरखर ऐकू आली. तेवढा आवाज घरात कोणी लावत नाही.

मग २४ बिट हवेत कशाला? पहिलं कारण रेकॉर्डिंगचं. गवई विलंबितात मंद्राकडे असतो आणि तासाभरानं तार सप्तकातली एखादी तान अचानक अंगावर येते. डिजिटलमध्ये कमाल पातळी ओलांडली की आवाज फुटतो, आणि फुटलेला आवाज कुठल्याही उपायानं पूर्ववत होत नाही. १६ बिटांवर काम करताना रेकॉर्डिस्ट दोन्हीकडून अडतो. लेव्हल खाली ठेवावी तर तळाची खरखर जवळ येते, वर न्यावी तर तान फुटते. २४ बिटांमध्ये लेव्हल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली ठेवून निवांत बसता येतं. त्यात तीन बिट गेले तरी २१ उरतात. आवाजाचे आकडे करणारा उत्तम कन्व्हर्टरसुद्धा प्रत्यक्षात २०-२१ बिटांचंच काम करतो, त्याखाली इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा गोंगाट असतो. म्हणजे गमावलं काहीच नाही आणि कलाकाराला ‘जरा हळू गा’ असं सांगण्याची वेळ आली नाही. माझ्या लेखी २४ बिटांचा सर्वांत मोठा उपकार हाच.

दुसरं कारण मिक्सिंगचं. आवाज कमी-जास्त करणारा फेडर किंचित खाली केला, की संगणक त्या ट्रॅकच्या प्रत्येक आकड्याला एका अपूर्णांकानं गुणतो. १६ बिटांच्या आकड्याला १६ बिटांच्या आकड्यानं गुणलं की उत्तर ३२ बिटांपर्यंत लांबतं. मग इक्वलायझर, रिव्हर्ब, चाळीस ट्रॅकची बेरीज. प्रत्येक टप्प्यावर शेपूट कापून उत्तर १६ बिटांत कोंबलं, तर दर वेळी थोडी चूक साचते. वाण्यानं वहीतल्या प्रत्येक ओळीचे पैसे सोडून दिले, तर महिन्याच्या बेरजेत रुपयांचा फरक येतो, तसंच हे. पैसे शेवटपर्यंत धरून ठेवायचे आणि एकदाच, अखेरच्या बेरजेला, सोडायचे. आजची बहुतेक मिक्सिंग सॉफ्टवेअर म्हणूनच आतली आकडेमोड ३२ किंवा ६४ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशचिन्ह हवं तसं सरकवता येणाऱ्या आकड्यांत, करतात. फ्लोटमध्ये मधल्या टप्प्यावर लेव्हल कमाल पातळीच्या वर गेली तरी आवाज फुटत नाही, मास्टर फेडर खाली घेतला की सगळं जागेवर येतं. पण माइक किंवा प्रीअ‍ॅम्पमध्येच जो आवाज फुटून आला, त्याला फ्लोट काही करू शकत नाही.

३२च्या जागी ६४ बिट घेतले तर मिक्स ‘उघडतो’, ‘खोल होतो’ असं आमच्यातले पुष्कळ जण सांगतात. हे तपासायचं तर एकच मिक्स दोन्ही प्रकारे काढा, एकाची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची दिशा, उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोघांत सारखं आहे ते सगळं कटून जातं, उरतो तो निव्वळ फरक. हा फरक इतका खाली असतो की तो कुठल्याही खोलीतल्या पंख्याच्या आवाजाखाली दडून जावा. मिक्स उघडायचा असेल तर माइक चार बोटं सरकवून पाहावा, खोलीचा घुमारा आवरावा. तिथला फरक कुठलं कोणतं ते न सांगता घेतलेल्या चाचणीतही लगेच ओळखू येतो.

शेवटी एक टप्पा मात्र हमखास राहून जातो. २४ किंवा ३२ बिटांचा मिक्स १६ बिटांवर उतरवताना नुसतं शेपूट कापलं, तर मैफल संपताना विरत जाणारा तंबोरा शेवटच्या क्षणांत खरबरीत होतो. कारण ती चूक सुरालाच चिकटते. यावर उपाय आहे डिदर. अतिशय मंद, यादृच्छिक गोंगाट मुद्दाम मिसळायचा, म्हणजे चूक सुरापासून सुटते आणि साध्या हलक्या हिसमध्ये बदलते. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या लिपशिट्झ आणि वँडरकूय यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की डिदर असेल तर शेवटच्या बिटाहूनही बारीक सूर त्या हिसमध्ये शाबूत राहतो. डिदर एकदाच द्यायचा, अगदी अखेरीस.

पुष्कळ घरांत, संस्थांत, संगीत मंडळांच्या कपाटांत जुन्या मैफलींची स्पूल आणि कॅसेटं पडून आहेत. फिती दर पावसाळ्यात आणखी खराब होतात. त्या डिजिटल करताना, ‘कॅसेटलाच नऊ बिट, मग १६ घेतले तरी खूप’ असा हिशेब करू नका. पुढे कोणीतरी खरखर काढेल, लेव्हल उचलेल, म्हणजे त्यावर पुन्हा काम होणार आहे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही निदान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झची शिफारस केली आहे. तेव्हा मूळ प्रत २४ बिटांची वाव फाइल म्हणून दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. ऐकण्यासाठी हवी ती प्रत तिच्यातून काढा, आणि कपाट याच पावसाळ्याआधी उघडा.