चेंडू सोडून देणारा गडी



आज आम्ही फुटबॉलविषयी बोलणार आहोत. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, आपला खेळ कुस्ती, नाहीतर हुतुतू. हे फुटबॉल कशाला?" म्हणणे खरे आहे. आपल्या सोलापूर भागात हा खेळ फारसा रुजला नाही. तो कोल्हापूरकरांचा. तेथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशा तालमींचेच फुटबॉलचे संघ आहेत. मोठा सामना असला की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

आम्ही स्वतः हा खेळ कधी खेळलो नाही. एकदा शाळेतल्या पोरांना चेंडू आणून दिला होता. तो आठ दिवसांत बाभळीच्या काट्याने फुटला. पण चार वर्षांतून एकदा विश्वचषकाचे सामने होतात, ते आम्ही टीव्हीवर रात्र-रात्र जागून पाहतो. घरची माणसे हसतात. हसू देत.

खेळ सोपा आहे. एका बाजूला अकरा गडी, दुसऱ्या बाजूला अकरा. चेंडू पायाने किंवा डोक्याने मारायचा. खेळ चालू असताना हात फक्त गोलकीपरने लावायचा, तोही आपल्या गोलासमोरच्या चौकटीत. खेळ नव्वद मिनिटांचा. आता पाटी घ्या आणि एक हिशेब करा. गडी बावीस, मिनिटे नव्वद, आणि चेंडू एकच. नव्वदाला बावीसने भागा. एका गड्याच्या वाट्याला चार मिनिटे येतात. चेंडू रेषेबाहेर जातो, तो वेळ वजा केला तर चारही राहत नाहीत. मग उरलेली शहाऐंशी मिनिटे हा गडी काय करतो? उभा राहतो का? नाही. तो धावतच असतो. कोणासाठी धावतो, हेच आम्हाला सांगायचे आहे.

२ जुलै २०१८ ची रात्र. रशियात रोस्तोव्ह नावाच्या गावी बेल्जियम आणि जपान या देशांचा सामना होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. जपानने दोन गोल केले. बेल्जियम हरणार असे सगळ्यांना वाटले. पण त्यांनीही दोन गोल फेडले. नव्वद मिनिटे संपली. वाया गेलेल्या वेळाची चार मिनिटे वाढवून दिली होती, तीही संपत आली. जपानने कोपऱ्यातून चेंडू मारला. बेल्जियमच्या गोलकीपरने तो झेलला आणि लगेच पुढे सरपटत दिला. डी ब्रुइना नावाचा गडी चेंडू घेऊन मैदानाच्या मधून सुसाट निघाला.

आता लुकाकूकडे बघा. हा बेल्जियमचा सर्वांत दांडगा गडी. गोल करणे हेच त्याचे काम. तो उजवीकडून धावता धावता मध्ये वळला. त्याला अडवायला जपानचा राखणदारही मध्ये ओढला गेला. उजवी बाजू मोकळी पडली. त्या मोकळ्या जागेत त्यांचा तिसरा गडी आला, त्याला चेंडू मिळाला आणि त्याने तो गोलासमोर आडवा मारला. चेंडू थेट लुकाकूकडेच आला. समोर गोल. सारे जग बघते आहे. आणि लुकाकूने काय केले? त्याने चेंडूला पायच लावला नाही. पायांमधून जाऊ दिला! मागून चादली नावाचा गडी येत होता, हे त्याला ठाऊक होते. चादली हा उशिरा मैदानात उतरलेला बदली गडी. त्याने चेंडू जाळ्यात मारला. बेल्जियम जिंकले.

कागदावर गोल चादलीचा लिहिला गेला. चेंडू कोणी दिला, तेही लिहिले गेले. लुकाकूचे नाव त्या ओळीत नाही. कसे असणार? त्याने चेंडूला हात नाही की पाय नाही.

हे पाहताना आम्हाला आपली चारी आठवली. उजनीच्या कालव्याला पाळी सुटते. चारीच्या तोंडाशी ज्यांचे रान आहे, त्यांच्या उसाला पाणी मिळते. त्यांची वेळ संपते. पण मनात येते, "आणखी दोन तास घेतले तर काय बिघडले? कोण बघतोय?" बिघडते ते शेवटी. टेलच्या माणसाची ज्वारी पोटरीत आलेली असते. तो हातात बॅटरी घेऊन बांधावर रात्र काढतो. चारी कोरडी असली की आधी तीच पाणी पिते. पाणी कमी सुटले तर ते वाटेतच जिरते. म्हणजे वरच्याने घेतलेले दोन तास खाली दोन तासांनी कमी होत नाहीत. कधी कधी खाली काहीच पोचत नाही. वेळ झाली की दार पाडून पाणी पुढे सोडणारा शेतकरी आणि तो लुकाकू, दोघे आम्हाला एकाच तालमीतले वाटतात. टेलच्या शिवारात ज्वारी चांगली पिकली, तर वरच्याचे नाव कोणी घेत नाही. तरी त्याने पाणी सोडलेले असते.

पण येथे एक खबरदारी सांगतो. काही जण मैदानात चेंडू आला की घाबरून दुसऱ्याकडे ढकलतात. चुकलो तर लोक बोलतील, ही भीती. गावच्या बैठकीतही असेच चालते. "तुम्हीच करा अण्णा, तुम्हाला कळतंय," असे म्हणून सगळे तंबाखू मळत बसतात. याला नि:स्वार्थ म्हणू नका. ही अंगचोरी आहे. लुकाकूने चेंडू सोडला, पण त्याआधी तो मैदानभर जिवाच्या आकांताने धावला होता.

मोठ्या नावाच्या गड्यांचेही तसेच. अर्जेंटिनाचा माराडोना हे नाव तुमच्या मुलांनी ऐकले असेल. १९८६ चा अंतिम सामना मेक्सिकोत झाला. समोर पश्चिम जर्मनी. त्या दिवशी माराडोनाने एकही गोल केला नाही. जर्मनांनी त्याला घेरूनच ठेवले होते. दोन-दोन गोलांची बरोबरी होती आणि थोडीच मिनिटे उरली होती. घेरलेल्या माराडोनाने गर्दीतून चेंडू पुढे सरकवला आणि बुरुचागाने विजयाचा गोल केला. सगळे एकाला घेरतात, तेव्हा दुसरा मोकळा असतो. मात्र त्या एकाने मान वर करून बघायला हवे.

२०२२ च्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या एम्बापेने एकट्याने तीन गोल केले, तरी कप अर्जेंटिनाने नेला. एम्बापेला नावे ठेवायचे कारण नाही. त्याने पडती बाजू उचलून धरली.

आपल्या देशाचीही गोष्ट आहे. सोलापूरच्या पलीकडे हैदराबाद. तेथे सय्यद अब्दुल रहीम नावाचे शाळामास्तर होते. तेच भारतीय संघाचे गुरू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ चौथा आला. तेव्हा नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. पुढे १९६२ साली जकार्तात आशियाई स्पर्धा झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरवले. मग जर्नेलसिंग या आपल्या भक्कम राखणदाराचे डोके फुटले. टाके पडले. रहीम मास्तरांनी त्याला मागच्या जागेवरून काढून पुढे गोल करायला पाठवले. दुसरा असता तर म्हणाला असता, "माझी जागा ती, मी येथे का?" जर्नेलसिंग टाक्यांसह खेळला. अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर आले. एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला, एक जर्नेलसिंगने. दोन विरुद्ध एक असे आपण जिंकलो. रहीम मास्तर तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढे नऊ महिन्यांनी, जून १९६३ मध्ये ते वारले. त्यांच्यावर २०२४ साली 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट निघाला.

आपल्याकडे सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. इतका उंच ध्वज तोलत एकटाच माणूस सारी वाट चालत नाही. नंदीध्वज हातोहात पुढे जातो. धरायचा कसा, हे शिकावे लागते. द्यायचा केव्हा, हेही शिकावे लागते.

रोस्तोव्हच्या सामन्याची अर्धी गोष्ट राहिली. जपान हरले. दोन गोलांची आघाडी घेऊन, शेवटच्या क्षणाला हरले. प्रेक्षकांत बसलेले जपानी लोक रडत होते. रडत रडतच त्यांनी पिशव्या काढल्या आणि बाकांखालचा कचरा गोळा केला. त्यांचा संघ कपडे बदलायची खोली झाडूनपुसून लख्ख करून गेला. मागे एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर रशियन भाषेत एकच शब्द होता : आभार. ती खोली त्यांची नव्हती, आणि पुन्हा तेथे यायचेही नव्हते.

असो. नऊ वाजले. सतरंज्या झटकून घड्या घालायच्या आहेत, पाट्या कपाटात लावायच्या आहेत. कोणाची पाळी आहे, हे आज आम्ही फळ्यावर लिहिलेले नाही.